निंबोल्याचा उतारा

विंग कमांडर दिगंबर कानगो यांची भाषणं मी लिहायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कोणीही विचारेल, की मास्तर, तुम्ही तेव्हा कुठे होतात? तिथेच होतो. सभेच्या मंडपामागे कनातीला टेकून माझीच वाक्यं कर्ण्यातून ऐकत होतो, आणि खोटं कशाला बोला, मान डोलवत होतो. तोंडावर मी त्यांना साहेब म्हणायचो. इथे मात्र अरेतुरे करणार आहे. एवढी सूट मला हवी.

तर हा दिगंबर मूळचा आमच्या बुऱ्हाणपूरचा, बुधवाऱ्यातला. कानगोंच्या घरात पिढ्यानपिढ्या जमिनीचे कागद लिहिण्याचं काम. याच्या पणजोबाने अर्ध्या परगण्याचे खसरे लिहिले आणि त्यांचे उतारे काढून देत आयुष्य काढलं. याला मात्र मामाने लहानपणीच उचलून इंदूरच्या साहेबी शाळेत नेऊन घातलं. तिथून तो लढाईच्या दिवसांत हवाई दलात गेला, विमानं उडवली, ब्रह्मदेशावर म्हणे बॉम्ब टाकले. त्यात काही खोटं असेल असं मी म्हणत नाही. माणूस भित्रा नव्हता. भित्रा असता तर परवडलं असतं, निदान घरी तरी बसला असता.

पुढे चढत चढत विंग कमांडर झाला. त्याच्या पुढची पायरी मिळेना, तेव्हा रागावून राजीनामा दिला आणि गावात येऊन सांगितलं, की मला वरचा भ्रष्टाचार पाहवला नाही. मग सत्ताधारी पक्षाकडे तिकीट मागितलं. त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हा लोकउदय पक्षाचा नेता झालेला होता. सरकारवर त्याचा इतका संताप एका रात्रीत कुठून गोळा झाला, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. उंच, गोरा, मिशा कातरलेल्या, खांद्यावर अजूनही अदृश्य पट्ट्या असल्यासारखा चालायचा. बुधवाऱ्यातली दुकानं त्याला पाहून उभी राहायची. शेजारच्या निंबोला गावातल्या म्हाताऱ्या त्याला 'इंगळ कमांडर' म्हणायच्या. त्यांना विंग म्हणता येत नसे, पण इंगळ म्हणजे निखारा बरोब्बर कळत असे.

त्याचं मराठी म्हणजे आनंदच होता. घरात इंग्रजी, नोकरांशी छावणीतलं हिंदी, आणि मराठी फक्त आजीच्या आठवणीपुरतं. म्हणून मला बोलावणं आलं. मी बुधवाऱ्यातल्या खाजगी मराठी शाळेत शिकवत होतो. मला म्हणाला, "मास्टर, तुम लिखो, मैं बोलूँगा. पण मराठी शुद्ध पाहिजे."

मी का गेलो? एक तर माझं लिहिलेलं हजार माणसं ऐकणार, ही हाव होती. आणि दुसरं म्हणजे निंबोल्याची पट्टी.

ही पट्टी म्हणजे माझ्या बहिणीचं दुखणं. माझी थोरली बहीण भागाबाई निंबोल्याला दिलेली. मेहुणे यादव, पाच एकर काळीभोर जमीन, विहिरीला बारा महिने पाणी. त्रेचाळीस साली त्या पाच एकरांत केळी निसवली होती. म्हणजे घड नुकते झाडाबाहेर पडले होते, वर्षाची मेहनत डोळ्यांसमोर लोंबत होती. तेव्हा सरकारी जीप आली. लढाईत अडचणीला विमान उतरवता यावं म्हणून सपाट जागा हवी होती. डोळ्यांपर्यंत टोपी ओढलेल्या, गावाने इंग्रज समजलेल्या एका तरुण अधिकाऱ्याने छडीने इकडून तिकडे दाखवलं, आणि यादवसह चार शेतकऱ्यांना सांगितलं, की तीन दिवसांत बाग तोडा. लढाई संपली की जमीन परत. प्रत्येकाला त्याने एकेक इंग्रजी चिठ्ठी लिहून दिली आणि धुरळा उडवत निघून गेला.

बाग यादवने स्वतः तोडली. मजुरांना हात लावू दिला नाही. पुढे रोलर फिरले, मुरूम पडला, धावपट्टी झाली, विमान आलं ते म्हणे एकदाच. लढाई संपली. जमीन परत आली नाही. दप्तरात कोणीतरी 'तात्पुरती' ऐवजी 'कायम' लिहून टाकलं होतं. यादव अंथरुणाला खिळला. ताप नाही, खोकला नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडलेला. भागाबाईने सगळे उपाय केले. शेवटी त्याच्यावरून उतारा टाकला. भाकरीवर दहीभात, लिंबू, बिबवा, कुंकू, आजाऱ्यावरून सात वेळा उतरवायचं आणि तिवाट्यावर ठेवून मागे न पाहता यायचं, हा आमच्याकडचा जुना उपाय. पण गावाचा तिवाटाच पट्टीखाली गेला होता. तिने तो पट्टीच्या टोकाला ठेवला. यादव त्याच आठवड्यात गेला.

तेव्हापासून भागाबाई दुसऱ्यांच्या बागांत डोक्यावरून घड वाहायची. माझ्या घरी ये म्हटलं की म्हणायची, "मी कायले येऊ? मही जमीन निंबोल्यात हाये." तिला एवढंच हवं होतं, की मरण्यापूर्वी त्या मातीत केळीचा एक तरी कंद लावावा.

आणि दिगंबर म्हणत होता, निंबोल्याची जमीन परत मिळवून देतो. मग मी नाही कसा म्हणणार?

पट्टी हा त्याच्या भाषणातला हुकमाचा पत्ता. मीच लिहिलं होतं, 'कोण होता तो गोरा साहेब, ज्याने निसवलेल्या केळीवर कुऱ्हाड चालवली?' हे वाक्य आलं की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पण नुसत्या रडण्यावर याचं भागत नसे. स्वतःचा पराक्रमही सांगायचा असे. त्या पट्टीवर एकदाच जे विमान उतरलं ते यानेच उतरवलं होतं, ही गोष्ट त्याला सांगितल्याशिवाय राहवेना. मला विचारलं, "मास्टर, लँडिंगला मराठीत काय?" मी म्हटलं, विमान उतरवणं. त्याने डोक्यात ते आपल्या सोयीने बसवलं, आणि बहादरपूरच्या सभेत गरजला, "भाइयो, निंबोल्याचा पहिला उतारा मी केला! असा उतारा आजपर्यंत कोणी केला नाही!"

मागच्या बाजूला कोणीतरी खुदकन हसलं, आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. शेतकऱ्याला उतारा म्हणजे जमिनीच्या कागदाची नक्कल, नाहीतर तिवाट्यावरचा दहीभात. विमानाचा उतारा त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. मी परतताना जीपमध्ये म्हटलं, "साहेब, उतरणं म्हणा. उताऱ्याचा अर्थ वेगळा होतो."

"लोकांनी ताली दिली ना?"

"दिली."

"मग समझले." विषय संपला. त्यानंतर प्रत्येक सभेत 'माझा उतारा' आला. कानगोंच्या वंशात जन्मून याला उतारा माहीत नाही, हे पाहून त्याचा पणजोबा वरती कपाळ बडवत असेल.

साल छप्पन्न चाललं होतं. एक नोव्हेंबरपासून राज्यांची नवी मांडणी होणार होती. नागपूर आणि वऱ्हाड मुंबईकडे, आम्ही भोपाळकडे. आमची राजधानी नागपूर होती ती आता परक्या राज्यात जाणार. बुधवाऱ्यात ज्याला त्याला यावर मत होतं. मावा जिलेबीची कढई उकळत असायची आणि तिच्याभोवती राज्यं फुटत-जुळत असायची. नेत्यांनीही तोंडं मोकळी सोडली होती. दिगंबरच्या पक्षाने त्याचा एक फोटो छापून वाटला होता. विमानाला टेकून उभा, आणि खाली त्याची सही. सही म्हणजे माशाच्या गळासारखा एक आकडा आणि त्यातून निघालेली लांबच लांब शेपटी, टोकाला एक फाटा. त्याला सह्या करायची भारी हौस. छापील सहीवर पुन्हा शाईने सही करून द्यायचा.

दसरा झाल्यावर भागाबाई माझ्या शाळेत आली. वर्गाच्या दारात उभी राहिली, आत येईना. मी बाहेर गेलो. तिने पदराच्या गाठीतून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली आणि दुसऱ्या हातात तो फोटो.

"पंडित, हे पाय. न्हाव्याच्या दुकानात लावेल व्हता, मी मागून आनला."

"बाई, फोटो काय करायचा तुला?"

"फोटो नको पाहू. खाली पाय. हे शेपटी पाय, अन् चिठ्ठीवरची शेपटी पाय."

मी पाहिलं. दोन्ही शेपट्या एकच. तोच आकडा, तोच टोकाचा फाटा. ती चिठ्ठी मी सेहेचाळीस साली स्वतः वाचली होती. 'लढाई संपेपर्यंत तात्पुरती' हे शब्द वाचून पटवाऱ्याकडे भांडूनही आलो होतो. पण सहीकडे मी निव्वळ रेघोट्या म्हणून पाहिलं होतं. गेले सहा महिने त्या माणसाच्या शेजारी बसून तीच सही शंभरदा होताना पाहिली, तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता. आणि जिला 'अ' काढता येत नाही त्या बाईने न्हाव्याच्या दुकानात उभ्या उभ्या ओळखली. मला माझीच लाज वाटली.

"त्याच्याच तोंडानं इचारतो ना तो, कोन व्हता तो साहेब?" भागाबाई म्हणाली. "कोन लिहून देते त्याले?"

मीच लिहून देतो हे तिला माहीत होतं. तरी तिने विचारलं.

आम्ही तहसिलीत कडूंकडे गेलो. कडू म्हणजे तिथले जुने कारकून. आडनाव कडू, तोंडही कडू, पण कागदाचे जाणते. त्यांनी चिठ्ठी उजेडाकडे धरली, मागून-पुढून पाहिली.

"बाकी तिघांच्या चिठ्ठ्या?"

"एकाची वाळवीनं खाल्ली, दोघांच्या हरवल्या," मी म्हटलं.

"मग चौघांचं नशीब या एका कागदावर हाये. पण मास्तर, हा साधा कागद. मुहर नाही, नंबर नाही. कोनाची सही म्हनून नागपूरवाले मानतील? मी याचा मराठीत उतारा काढून देतो. खाली सहीवाल्यानंच लिहून द्यायचं, उतारा बरोबर आहे, चिठ्ठी मीच दिली. बस, तेवढं झालं तर दप्तरातलं 'कायम' खोडावं लागते. अन् हे तीस तारखेच्या आत. गठ्ठे बांधनं चालू हाये. एकदा का तुमचा कागद 'कायम' म्हनून भोपाळात जाऊन पडला, का मग तो कायमच. नागपूरले विचाराल तर म्हनतील आता तुम्ही आमचे नाही, भोपाळले विचाराल तर म्हनतील हे आमच्या वेळचं नाही."

"सही करेल तो?" भागाबाईने मला विचारलं.

"का नाही करणार?" मी म्हटलं. तेव्हा मला खरंच तसं वाटलं होतं. इतका मी मूर्ख होतो.

सरळ कागद पुढे करण्याआधी अंदाज घ्यावा म्हणून मी दुसऱ्या दिवशी दिगंबरच्या कचेरीत विषय काढला. बुधवाऱ्यात कापडदुकानाच्या माडीवर त्याची कचेरी होती. तो आरशात पाहून मिशा कातरत होता.

"साहेब, निंबोल्याचा तो जुना अधिकारी समजा सापडला, आणि त्याने लिहून दिलं की जमीन तात्पुरतीच घेतली होती, तर?"

कात्री थांबली. फार नाही, क्षणभर. मग पुन्हा चालू झाली.

"सापडेल कसा? गोरा होता. विलायतेत मरून गेला असेल."

"पण सापडला तर जमीन आत्ताच सुटेल."

तो माझ्याकडे वळला आणि वर्गातल्या मंद पोराला समजवावं तसा हसला. "मास्टर, तुम भोले हो. जमीन आज सुटली, तर फरवरीत निंबोला मला व्होट कशाला देईल? इलेक्शन होऊ दे. मग पाहू. तेरा साल थांबले ना लोक? चार महिने और थांबतील. तोपर्यंत तो साहेब मेलेलाच बरा."

मी खाली आलो. जिलेबीवाल्याने हाक मारली, ती मला ऐकू आली पण कळली नाही. त्याला सगळं आठवत होतं. जीप, छडी, केळी, सगळं. चिठ्ठ्या लिहून दिल्याचं तेवढं विसरला होता. आणि हा माणूस माझ्या शब्दांत रडत होता! मी ठरवलं, की याच्याशी मी खोटं बोलणार नाही, पण खऱ्यासाठी त्याच्या पाया पडणार नाही. कागद त्याच्यापुढे ठेवायचा आणि काय होईल ते पाहायचं. नाही म्हणाला, तर भर सभेत चिठ्ठी वाचायची आणि शाळेतली नोकरी जाईल तर जाईल.

एकोणतीस ऑक्टोबरला मी आणि भागाबाई माडी चढलो. खोली भरलेली होती. बहादरपूरचे दहा-बारा बागायतदार, पक्षाची माणसं, मावा जिलेबीची ताटली फिरत होती. दिगंबर मधोमध खुर्चीत बसून फोटोंवर सह्या करत होता. शेजारी त्याचा आवडता रबरी शिक्का होता, 'विंग कमांडर, निवृत्त'. तो कशावरही मारायचा.

कडूंनी काढलेला कागद मी पुढे धरला. त्याने तो हातात घेतला, हात लांब केला, आणखी लांब केला. त्याला जवळचं दिसत नव्हतं. पण वैमानिकाने चष्मा लावायचा म्हणजे गावात तोंड दाखवायला नको. चष्मा टेबलाच्या खणात कुलपात असे, हे फक्त मला ठाऊक होतं.

"क्या है ये?"

"निंबोल्याचा उतारा आहे, साहेब. त्रेचाळीसचा."

त्याचा चेहरा असा खुलला की बस. "माझा उतारा? लिहून काढला? अरे वा!" सगळ्यांकडे फिरून म्हणाला, "पाहिलं? लोग भूले नहीं!" मग भागाबाईकडे बोट केलं. "ही माई कोण?"

"उतारा हिचाच आहे," मी म्हटलं.

"हिने पाहिला होता? खुद?"

"समोरच व्हते साहेब मी," भागाबाई म्हणाली. "सारा पाहिला."

"वाचा मास्टर! सगळ्यांसमोर वाचा."

वाच म्हणाला, तर वाचायचं. मी कागद परत घेतला आणि मोठ्याने सुरुवात केली, "उतारा. मौजे निंबोला. सन एकोणीसशे त्रेचाळीस, मार्च महिना. मी, दिगंबर विनायक कानगो, हवाई दलातील अधिकारी, त्या दिवशी निंबोला येथे स्वतः हजर होतो, आणि..."

"हजर?" दिगंबर ओरडला. "अरे, मीच तर होतो! अकेला!" आणि त्याने माझ्या हातातला कागद ओढून टेबलावर घेतला. "ऐका. वरून पट्टी दिसते एवढीशी. इंजिन खाँस रहा है. खाली गाँववाले भागत आहेत..." एका हाताने विमान करून तो ते खोलीभर फिरवत होता, आणि दुसऱ्या हाताने, बोलता बोलता, सवयीने, त्याने सही केली. आकडा, शेपटी, टोकाचा फाटा. "...असा उतारा, की टायर घासला नाही!" आणि धाडकन शिक्का मारला.

पुढची ओळ 'लढाई संपेपर्यंत तात्पुरती' ही होती. ती वाचायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं. पण या माणसाने जन्मात कोणाचं दुसरं वाक्य ऐकून घेतलं नाही, त्याला मी काय करू?

शाई वाळेपर्यंत भागाबाई त्या हाताकडे पाहत उभी राहिली. मग कागदाची घडी करून पदराला बांधली आणि म्हणाली, "येते साहेब."

"माई, जिलेबी घेऊन जा," तो म्हणाला. तिने घेतली नाही.

कडूंनी कागद त्याच दिवशी टपालात घातला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना हसताना पाहिलं, तेही अर्धंच. एक नोव्हेंबरला आम्ही भोपाळचे झालो. बुधवाऱ्यात कोणी फटाके लावले, कोणी दारं लावून बसले. भागाबाई रोज घड वाहायला जात होती आणि दर बाजाराला तहसिलीत येऊन कडूंच्या टेबलासमोर उभी राहत होती. कडू मान हलवायचे, ती निघायची.

जानेवारीत हुकूम आला. 'तत्कालीन अधिकारी श्री. कानगो यांनी स्वतः साक्षांकित केलेल्या उताऱ्यावरून' सदर जमीन तात्पुरती घेतली असल्याचं सिद्ध होत आहे, सबब ती चारही मूळ मालकांस परत करावी. भागाबाईला मी तो तीनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्याहीचं नाव कोठे हाये, तिथं बोट ठेव." मी यादवच्या नावावर ठेवलं. तिने त्याच्यावर आपलं बोट ठेवलं आणि ढसाढसा रडली. मीही रडलो. यात लपवण्यासारखं काही नाही.

दिगंबरला बातमी विरोधकांकडून कळली. जमीन घेणारा साहेब म्हणजे हाच, हे एका दुपारात सगळ्या बुधवाऱ्याला कळलं. मला बोलावून तो लालबुंद होऊन म्हणाला, "तूने धोका दिया! मला काय सही करायला लावलीस?"

"मी वाचत होतो साहेब. तुम्हीच वाचू दिलं नाहीत. अजूनही ऐकायचं असेल तर पाठ आहे."

तो येरझाऱ्या घालत राहिला. पाच मिनिटं. एवढ्या वेळात एखाद्याला शरम वाटली असती, एखाद्याने माफी मागितली असती. हा थांबला, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "ठीक है. लिहा मास्टर. मीच ती जमीन घेतली, हुकूम होता म्हणून. आणि मीच हिम्मतीने समोर येऊन साक्ष दिली. सरकारविरुद्ध! है कोई ऐसा लीडर?"

"मी नाही लिहिणार," मी म्हटलं, आणि जिना उतरून आलो. या एका वाक्याला मला नऊ महिने लागले.

त्याने स्वतःच सगळं जुळवलं. निंबोल्याच्या पट्टीवरच सत्कार ठेवला, आपला आपणच. मुरमावर मंडप, मधे खुर्ची, बाजूला पक्षाचं निशाण. मीही गेलो, भागाबाईने निरोप पाठवला होता म्हणून. हार झाले. मग ओवाळायला बायका आल्या. चार जणींनी निरांजन ओवाळलं. पाचवी भागाबाई. तिच्या ताटावर फडकं झाकलेलं होतं. खुर्चीसमोर उभी राहून तिने ते बाजूला केलं.

भाकर, तिच्यावर दहीभात, लिंबू, कुंकू, आणि वर काळा बिबवा.

पुढच्या रांगेत बसलेल्या निंबोल्याच्या बायकांनी पदर तोंडावर घेतले. एक म्हातारा उठून जागा बदलून बसला, वाऱ्याच्या दिशेने नको म्हणून. दिगंबरने मात्र टोपी काढली आणि हसऱ्या चेहऱ्याने मान पुढे केली. भागाबाईने डोक्यापासून पायापर्यंत सात वेळा उतरवलं. तिचे ओठ हलत होते. ती कोणाचं नाव घेत होती ते मला माहीत होतं. मग ती वळली आणि ताट घेऊन पट्टीच्या टोकाकडे, जिथे पूर्वी तिवाटा होता तिकडे, सरळ चालत गेली.

दिगंबरने मला बोटाने जवळ बोलावलं. "मास्टर, हे काय होतं? आरती नव्हती ना?"

"उतारा होता, साहेब."

"मेरा?"

"तुमचाच."

तो इतका खूश झाला की मला त्याची जवळजवळ कीव आली. "और अब?"

"आता मागे पाहायचं नसतं," मी म्हटलं.

ते वाक्य त्याला फार आवडलं. उठला, कर्णा हातात घेतला आणि गरजला, "भाइयो, बहनों, आता मागे पाहायचं नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या, मनापासून. तीच घोषणा पुढे महिनाभर बुधवाऱ्याच्या भिंतींवर गेरूने लिहिलेली होती. माझ्या शाळेसमोरही होती.

मतदानाच्या आधी दोन दिवस तो जीप घेऊन शेवटची फेरी मारायला निंबोल्याला गेला. मी तिथेच होतो, शाळेला सुट्टी म्हणून भागाबाईला मदत करत होतो. तेरा वर्षं दाबलेला मुरूम कुदळीने सुटत नव्हता, पण एका कोपऱ्यात काळी माती लागली होती आणि तिथे ती कंदासाठी खड्डा खणत होती. बाकीचे तिघेही आपापल्या तुकड्यात खणत होते. जीप बांधाला थांबली.

"राम राम!" दिगंबर ओरडला. कोणी मान वर केली नाही.

"अरे, मी आलो आहे! कमांडर!"

कुदळी चालत राहिल्या. तो खाली उतरला, बांधावर चढला, दोन्ही हात तोंडाशी धरले. "भागाबाई! ओ भागाबाई!"

उतारा टाकल्यावर मागून हाक आली तरी वळायचं नसतं. हे त्याला मी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला आता तिथे त्याचं कोणी नव्हतं. भागाबाईने खड्ड्यातली माती मुठीत घेऊन पाहिली आणि मला म्हणाली, "पंडित, कंद दे."